पाड्यावर कोणता बँड येतो?

(डहाणू-तलासरी भागातल्या महिला गटांसाठी रेडिओवर दिलेलं भाषण)



आज फोनबद्दल बोलायचं आहे. फोन कसा चालवायचा हे मी सांगणार नाही, ते घरातली पोरं आपल्याला शिकवतातच, वर हसतातही. मी बोलणार आहे ते फोन विकत घेण्याआधी काय बघायचं त्यावर. सुरुवात आमच्याच गटाच्या फजितीपासून करते. हसलात तरी चालेल.

आमचा गट बारा जणींचा. पाडा डहाणूच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत. आता गटाचं काम किती फोनवर आलंय ते तुम्हाला ठाऊकच आहे. बँकेचा ओटीपी फोनवर, रेशनचं केवायसी फोनवर, पापडाची ऑर्डर फोनवर. २०२५ च्या सप्टेंबरपासून लाडकी बहीणचं ई-केवायसी सुरू झालं, तेव्हा तर रोज संध्याकाळी आमच्या सचिवताईंच्या ओट्यावर रांग. आधारचा ओटीपी दहा मिनिटांत संपतो. टेकाडावर चढून फोन धरायचा, आकडा वाचायचा, खाली ओरडून सांगायचा, तोवर वेळ निघून जायची. बरं, सचिवताईंचा फोन म्हणजे काच तडकलेला, चार्जर हाताने दाबून धरावा लागणारा. म्हणून आम्ही ठराव केला, वहीत लिहिला, की गटाच्या पैशातून सात हजारांपर्यंतचा एक चांगला फोन घ्यायचा.

तिघी जणी वापीला गेलो. एका दुकानात मोठ्या कंपनीचा, दिसायला अगदी नवा, पण एकदा वापरलेला फोन साडेसहा हजारांत मिळाला. दुकानदाराने आमचंच सिम घालून व्हिडिओ लावून दाखवला. झर्रकन चालला. तलासरी नाक्यावर उतरलो, तिथेही चालला. चारोटीला चालला. पाड्यावर आलो आणि वरच्या काड्या गेल्या. एकही नाही. सचिवताईंनी तेच सिम काढून आपल्या फुटक्या फोनात घातलं, तर दोन काड्या! परत नव्यात घातलं, शून्य. रात्रभर हा खेळ चालला. कोणी म्हणालं सिम खराब, कोणी म्हणालं टॉवर बंद, एका आजीने तर फोनला नजर लागली म्हणून मीठमिरची ओवाळली.

उत्तर सापडलं ते खोक्यावर. आमच्यातल्या एकीची मुलगी आयटीआयला आहे. तिने खोक्याच्या मागचा बारीक मजकूर वाचला. तिथे ४जीपुढे तीनच आकडे होते, ३, ७ आणि २०. मग तिने सचिवताईंच्या जुन्या सॅमसंगवर *#००११# हा नंबर दाबला. पडद्यावर इंग्रजीत बरंच काही आलं, त्यात एक ओळ होती, बँड ५. म्हणजे आमच्या पाड्यावर जी रेंज पोचते ती पाच नंबरच्या बँडवरून, आणि आमच्या नव्या फोनाला पाच नंबर ऐकूच येत नव्हता. तो फोन युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी बनलेला होता. फोन चांगला होता. टॉवरही चांगला होता. दोघांची गाठ पडत नव्हती, एवढंच.

हा बँड म्हणजे काय? तुम्ही आत्ता मला रेडिओवर ऐकताय. रेडिओ लावताना आकडा जुळवावा लागतो ना? आकडा थोडा इकडेतिकडे झाला की नुसती खरखर. एफएमचे आकडे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये असतात. फोनही रेडिओच आहे, त्यालाही आकडा जुळवावा लागतो. फक्त तो आपल्या हाताने नाही, फोन स्वतः जुळवतो. फोनचे आकडे मोठे असतात, ७०० मेगाहर्ट्झपासून पुढे. आकड्यांच्या एका सलग पट्ट्याला बँड म्हणतात आणि प्रत्येक बँडला जगभर एकच नंबर दिलेला आहे. ८५० च्या आसपासचा पट्टा म्हणजे बँड ५. ९०० चा म्हणजे बँड ८. १८०० चा बँड ३, २१०० चा बँड १, २३०० चा बँड ४०, २५०० चा बँड ४१, आणि ७०० चा बँड २८. युरोपातला बँड २० हा ८०० चा आहे. आपल्या ८५० च्या शेजारीच, पण शेजारच्या घराची किल्ली आपल्या कुलपाला लागत नाही.

आता प्रश्न असा, की वापीला आणि चारोटीला चाललेला फोन पाड्यावर का मेला? तर लग्नाच्या हंगामात रात्री आठवून बघा. दोन पाडे पलीकडे लग्न असतं. आपल्या अंगणात काय ऐकू येतं? ढोलाचा दणका ऐकू येतो, गाणाऱ्या बायांचा बारीक आवाज नाही. लाटांचंही काहीसं तसंच आहे. लहान आकड्याची लाट लांब पोचते, टेकाडाच्या कडेवरून थोडी वाकून खाली उतरते, झाडांतून निभावून जाते. मोठ्या आकड्याची लाट लवकर दमते. ७०० मेगाहर्ट्झची लाट जवळपास दोन वीत लांब असते. ५जीची ३५०० च्या आसपासची लाट जेमतेम चार बोटं. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लागते. तो आकडा मेगाहर्ट्झमध्ये सांगायचा तर एकाहूनही कमी. म्हणून तर आपल्या आईबापांच्या ट्रान्झिस्टरवर ती शंभरेक किलोमीटरवरून, गावात कुठलाही टॉवर नसताना ऐकू यायची.

मग सगळ्या कंपन्या लहान आकडेच का वापरत नाहीत, असं तुम्ही विचाराल. कारण लहान आकड्यांची जागा अरुंद. पायवाटेसारखी, लांब जाते पण एका वेळी माणसं थोडी. मोठ्या आकड्यांचा रस्ता रुंद, व्हिडिओ भराभर उतरतो, पण रस्ता लवकर संपतो. म्हणून बाजारपेठेत, हायवेला ३, ४०, ४१ असे बँड भरपूर आणि आपल्या डोंगरकपारीत उरतो तो ५, ८ किंवा २८. दुकान बाजारपेठेत असतं. तिथे फोन चालवून बघणं म्हणजे डांबरी रस्त्यावर बैल पळवून बघणं. नांगर ओढतो की नाही ते शेतातच कळणार.

झाडांचंही सांगते, कारण हे मी स्वतः बघितलंय. ओलं पान लाट शोषून घेतं. आमच्याकडे सागाचं रान आहे. फाल्गुन-चैत्रात सागाची पानं झडलेली असतात, तेव्हा ओट्यावर नेट चालतं. पाऊस पडला, साग पानांनी भरला, की तेच नेट अडखळतं. लोक म्हणतात पावसाने टॉवर बिघडला. कधी बिघडतोही, वीज गेली की टॉवरची बॅटरी उतरते. पण पानांचाही वाटा आहे. घोलवड-बोर्डीकडच्या बायांना चिकूची वाडी बारमाही हिरवी, त्यामुळे त्यांची अडचण बारमाही. घराचं म्हणाल तर कारवीच्या कुडातून लाट बऱ्यापैकी आत येते, सिमेंटच्या भिंतीतून कमी, आणि पत्रा तर लाटेला उलट फेकतो. घरकुल पक्कं झालं आणि घरात रेंज गेली, असं बऱ्याच जणी सांगतात. त्यात खोटं काही नाही.

आणखी एक. कधी कधी काड्या दिसतात, पण फोन लागत नाही. याचं कारण, टॉवर जोराने बोलतो, आपला फोन हळू. टॉवरची ताकद काही वॅट ते दहा-वीस वॅट आणि जास्तही असते. आपल्या ४जी फोनाची जास्तीत जास्त ताकद वॅटचा पाचवा हिस्सा. टॉवरचं बोलणं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला नाही. अशा वेळी फोन ओरडून ओरडून बॅटरी संपवतो. रेंज नसलेल्या पाड्यावर चार्जिंग लवकर का उतरतं, याचं कोडं इथे सुटतं.

आता वही-पेन घ्या. कोणती कंपनी ४जीसाठी कोणते बँड वापरते ते सांगते. जिओ ३, ५ आणि ४०. एअरटेल १, ३, ८ आणि ४०. व्होडाफोन-आयडिया १, ३, ८ आणि ४१. बीएसएनएलचा भर २८ आणि १ वर, काही ठिकाणी ४१. यातले सगळे प्रत्येक टॉवरवर असतात असं नाही. देशाचे २२ सर्कल केलेत आणि कोणत्या कंपनीकडे कुठला बँड, हे सर्कलप्रमाणे बदलतं. पण १, ३, ५, ८, २८, ४०, ४१ हे सात आकडे ज्या फोनात आहेत, त्या फोनात कुठल्याही कंपनीचं सिम घाला, ४जीसाठी अडणार नाही. आम्ही हे सात आकडे ठरावाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत.

सातातला २८ नीट बघा. बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडा इथून पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. दुर्गम गावांसाठी सरकारने जे टॉवर मंजूर केलेत, तेही बीएसएनएलमार्फत. शिवाय सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवरून दुसऱ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांनाही ४जी मिळावं, अशी सोय जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. म्हणजे आपल्या भागात नवा टॉवर झाला तर तो ७०० वर, बँड २८ वर बोलणारा असू शकतो. आणि पाच-सात वर्षांपूर्वी आपल्याकडे विकल्या गेलेल्या बऱ्याच स्वस्त फोनांत २८ नाहीच. टॉवर समोर उभा आणि फोन गप्प, असं होऊ नये म्हणून जुना फोन घेताना हा आकडा शोधा.

तर घेण्याचा क्रम असा. आधी सिम, मग फोन. आपण उलटं करतो. आपल्या घरात, गटाची बैठक जिथे होते तिथे, अंगणवाडीत, कोणत्या कंपनीची रेंज येते ते शेजारणींच्या फोनांवर बघा. बघताना दुपारीही बघा आणि रात्री आठलाही बघा, कारण रात्री सगळा गाव नेटवर असतो. ज्या फोनात रेंज येते तो कोणत्या बँडवर आहे, ते सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत मघाच्या नंबराने कळतं. बाकी फोनांत त्यासाठी फुकट ॲप मिळतात, गावातला एखादा कॉलेजचा पोरगा पाच मिनिटांत काढून देईल. कंपन्यांनी आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर द्यावेत असा ट्रायचा नियम आहे, तेही बघा. पण नकाशाला आपल्या घरावरचा पत्रा दिसत नाही, हे लक्षात ठेवा. चांगली रेंज दुसऱ्याच कंपनीची निघाली तर नंबर न बदलता कंपनी बदलता येते, त्यासाठी १९०० वर पोर्टचा मेसेज पाठवायचा.

मग दुकानात. खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर नेटवर्कच्या खाली बँड लिहिलेले असतात. फोनचं नुसतं नाव पुरत नाही, मॉडेल नंबर पूर्ण वाचा. एकाच नावाचा फोन भारतासाठी वेगळा, अमेरिकेसाठी वेगळा, जपानसाठी वेगळा बनतो आणि फरक असतो तो मॉडेल नंबरच्या शेवटच्या अक्षरात. खोकं नसेल तर सेटिंगमध्ये अबाउट फोन उघडा, तिथे मॉडेल नंबर मिळतो. नंतर *#०६# दाबा, पंधरा आकड्यांचा आयएमईआय येईल. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून तो आकडा १४४२२ वर पाठवा. फोन खरा आहे की चोरीचा म्हणून बंद केलेला, ते उलट मेसेजने कळतं. जुना फोन घेताना हे केल्याशिवाय पैसे काढू नका. चोरीचा निघाला तर पोलीस दुकानात नाही, आपल्या पाड्यावर येतात.

आपल्याकडे बहुतेक फोन दोन सिमचे. पण सात-आठ वर्षांपूर्वीच्या काही फोनांत दुसऱ्या खाचेत फक्त २जी चालतं. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे तिथे जिओचं सिम घातलं तर काहीच होत नाही. दोन्ही खाचा तपासा. आणि व्होल्टी हा शब्द विचारा. ४जीवरून बोलणं होण्यासाठी फोनात व्होल्टी लागतं, तेही त्या कंपनीचं चालणारं. नाही तर नेट चालेल आणि फोन लागणार नाही.

साध्या बटणांच्या ४जी फोनांबद्दल बऱ्याच जणी विचारतात. म्हाताऱ्या माणसांना ते सोयीचे, बॅटरी दोन दिवस चालते. मात्र जिओफोन, जिओभारत यांसारखे फोन जिओच्याच सिमवर चालतात. जिओची रेंज असेल तर स्वस्तात काम झालं. नसेल तर ते खेळणं झालं. एक हजाराची वस्तू आहे म्हणून न विचारता घेऊ नका.

तलासरीच्या बायांसाठी थोडं वेगळं. तुम्ही सीमेवरच्या. आच्छाड, झाई, वेवजी या बाजूला फोन गुजरातचा टॉवर पकडतो, उधव्याकडे दादरा-नगर हवेलीचा. टेलिकॉमच्या हिशोबात दादरा-नगर हवेली गुजरात सर्कलमध्ये येते आणि आपण महाराष्ट्र सर्कलमध्ये. म्हणजे चुलीपाशी बसून तुम्ही रोमिंगमध्ये! आता बहुतेक पॅकमध्ये रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत. पण फोनाच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल, तर काड्या भरलेल्या दिसतात, बोलणं होतं, आणि नेट मात्र चालत नाही. कितीतरी जणींनी यापायी सिम बदलले, एकीने फोन बदलला. आधी ते एक बटण चालू करून बघा. आणि संकटात ११२ लावलात तर पहिल्या वाक्यातच गाव, तालुका तलासरी, जिल्हा पालघर सांगा. टॉवर कुठल्या राज्याचा पकडलाय ते आपल्याला ठाऊक नसतं.

५जीचं काय? १ ऑक्टोबर २०२२ ला ते देशात सुरू झालं. पाड्यावर ५जी येत असेल तर जरूर घ्या. येत नसेल तर नुसत्या ५ या आकड्यासाठी तीन हजार जास्त मोजू नका, ते पैसे चांगल्या बॅटरीला जाऊ देत. ५जीच्या बँडपुढे इंग्रजी एन हे अक्षर असतं, एन२८, एन७८ असं. एन२८ लिहिलं म्हणजे ४जीचा २८ आलाच, असं समजू नका. दोन्ही वेगळे वाचा.

बँड जुळला म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले, आठवतं? कमी रॅमचे फोन, त्यात पोषण ट्रॅकर मावेना, फोन तापायचे. तेव्हा रॅम, साठवण, बॅटरी हेही बघायचंच. पण ते दुकानात दिसतं, दुकानदार आपणहून सांगतो. बँड विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आणि ते बूस्टरचं यंत्र. ऑनलाइन मिळतं, घरावर लावलं की रेंज येते म्हणतात. परवानगीशिवाय ते लावणं गुन्हा आहे, आणि एकाच्या घरावरच्या अशा यंत्राने अख्ख्या गावाची रेंज बिघडते. त्यापेक्षा रेंज येते तिथे, खिडकीत किंवा ओट्याच्या खांबाला, फोन पिशवीत टांगा, हॉटस्पॉट चालू करा आणि घरात दुसऱ्या फोनावर काम करा. आमच्याकडे याला झोपाळा म्हणतात.

आमच्या त्या युरोपी फोनाचं काय झालं, ते राहिलंच. दुकानदाराने परत घेतला नाही. पक्कं बिल आम्ही घेतलं नव्हतं, त्यामुळे ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरावर सांगायलाही हातात कागद नव्हता. शेवटी आमच्यातल्या एकीच्या भावाने तो साडेचार हजारांत घेतला. तो उंबरगावच्या जीआयडीसीत कामाला आहे, तिथेच खोली करून राहतो. त्याच्याकडे फोन सुरेख चालतो. दोन हजारांचा तोटा बारा जणींत वाटून घेतला, एकेकीला एकशे सदुसष्ट रुपये आले.

दुसरा फोन घ्यायला गेलो तेव्हा सचिवताईंनी वहीच नेली. दुकानदार म्हणाला, "ताई, कॅमेरा बघा." ताई म्हणाल्या, "दादा, आधी पाच, आठ, अठ्ठावीस दाखवा." त्याने पोऱ्याला खोकं उलटं करून वाचायला लावलं. पक्कं बिल घेतलं. आणि बोलीच केली, की पाड्यावर नेऊन बघतो, नाही चालला तर परवा परत. तो तयार झाला. तयार न होणारे दोन दुकानदार त्याआधी आम्ही सोडले होते.

संध्याकाळी ओट्यावर सिम घातलं. तीन काड्या आल्या. पहिला ओटीपी आला तो मीठमिरची ओवाळणाऱ्या आजींचा, आणि आकडे त्यांनीच मोठ्याने वाचले.